टेपपेटीची वाटणी

नांदेडात ‘सरदारचं दुकान कुठं?’ असं विचारलं, की लोक आधी गुरुद्वाऱ्याच्या दिशेला बोट दाखवतात. इतवाऱ्यातल्या शेख सरदार यांना याचा जन्मभर राग. नाव बापानं ठेवलं, गाव नशिबानं दिलं, आणि गिऱ्हाईक मात्र भलतीकडंच जातं. म्हणून मनस्विनी जेव्हा दोन खऱ्या सरदारांच्या मोटारपार्टच्या दुकानांत चहा पिऊन, तासभर उशिरा त्यांच्या पायरीवर उभी राहिली, तेव्हा त्यांचा पारा आधीच चढलेला होता. तिनं ओळख सांगितल्यावर तो पार टोकाला जाऊन टेकला.

“लातूरच्या रेणुकादास गुरुजींची नात आहे मी.”

सरदारभाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला. दुकान आता त्यांचा मुलगा आसिफ चालवतो, मोबाइलच्या काचा बदलतो. सरदारभाई मागच्या टेबलापाशी कुणी न मागितलेल्या दुरुस्त्या करत बसतात. आसिफ त्यांना अडवत नाही. बाप कामात असला की निदान गिऱ्हाइकांशी भांडत नाही, एवढाच त्याचा हिशेब.

“त्यानं पाठवलं काय तुला?”

“नाही. आजोबांना सांगितलंच नाही मी, नांदेडला चाललेय म्हणून.”

“मग बस,” सरदारभाई म्हणाले. “आसिफ, चहा सांग.” त्या पोरीच्या पोटात आज तिसरा चहा जाणार होता, पण नांदेडात नाही म्हणायची सोय नसते.

मनस्विनी लातूरच्या एका कॉलेजात संगीत शिकवत होती आणि तिथं जुन्या वाद्यांचं एक दालन उभं करत होती. भाता फाटलेल्या पेट्या, कर्णे असलेले ग्रामोफोन, चामडं गेलेले पखवाज असं बरंच काही जमलं होतं. पण तिचा जीव अडकला होता टेपपेटीत. लहानपणापासून तिनं त्या वाद्याचं नाव ऐकलं होतं, ते बहुतेक शिव्यांसोबतच. लातूरच्या घरी माळ्यावर, आजीच्या जुन्या लुगड्यात बांधलेली अर्धी टेपपेटी पडून होती. उरलेली अर्धी इथं आहे, असं ती म्हणाली मात्र, सरदारभाई उसळले.

“अर्धी? अर्धी तुझ्या आजाकडं हाय. माझ्याकडं सगळी हाय.”

टेपपेटी म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण ज्यांनी ती पाहिली असे लोक आता बोटांवर मोजण्याइतके उरले. हार्मोनियमसारख्या पट्ट्या, पण आत भाता नाही. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, आणि त्या फितीवर खऱ्या वादकाचा एकेक खरा सूर भरून ठेवलेला. पट्टी दाबली की फीत पुढं सरकते, टेपरेकॉर्डरमध्ये असतं तसल्या हेडवर घासते आणि सूर वाजतो. बोट उचललं की स्प्रिंग तिला ओढून जागेवर आणते. फीत आठ सेकंदांची. ती संपली की मग कितीही दाबा, पेटी गप्प. म्हणून वाजवणाऱ्याची बोटं सूर संपायच्या आत दुसरीकडं पळाली पाहिजेत. विलायतेत अशी वाद्यं साठ-सत्तरच्या सुमारास गाजली, मोठमोठ्या गाणेवाल्यांनी ती वाजवली, आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं आल्यावर ती अडगळीत गेली. नांदेडला टेपपेटी निघाली तेव्हा तिकडं तिचे दिवस भरत आले होते. आपल्याकडं नवीन गोष्ट येण्याचा मुहूर्त साधारण तोच असतो.

त्या काळी रेणुकादास गुरुजी लातूरच्या शाळेत गाणं शिकवत आणि सुट्ट्यांत ऑर्केस्ट्रा चालवत. ऑर्केस्ट्राचं नाव ‘गोदा-मांजरा’. गोदावरी नांदेडची, मांजरा लातूरकडची. नावात आधी कोणती नदी, यावरूनच पहिलं वर्ष गेलं होतं, यावरून पुढचं काय ते समजावं. एकदा हैदराबादच्या रद्दीवाल्याकडं गुरुजींना एका इंग्रजी मासिकात त्या विलायती वाद्याचा फोटो सापडला. ते तो घेऊन तडक ऑर्केस्ट्राचे स्पीकर सांभाळणाऱ्या सरदारभाईंकडं आले. फोटोत वरचं पॉलिश केलेलं लाकूड तेवढं दिसत होतं, पोटातलं काहीच नाही. सरदारभाईंनी एका उन्हाळ्यात ते पोट भरलं. शिलाई मशीनची मोटार बसवली, लेथवाल्याकडून लांबलचक दांडा कातून घेतला, मेलेल्या टेपरेकॉर्डरांची हेडं काढली. स्प्रिंगा छत्र्यांच्या. त्या वर्षी मोहल्ल्यात एक छत्री धड उघडत नव्हती, असं गौसियाबी, म्हणजे सरदारभाईंच्या बायको, अजून सांगतात.

मग सूर भरायचे होते. ऑर्केस्ट्रात एक बासरीवाला होताच, कंधारहून एसटीनं यायचा. त्याला सरदारभाईंच्या मागच्या खोलीत बसवलं, भिंतींना गोधड्या टांगल्या, गुरुजी घड्याळ घेऊन बसले आणि एकेक सूर भरून झाला. पेटी वाजली, आणि आता बासरीवाल्याला बोलावत बसायची गरज नाही, हा तिचा पहिला फायदा दोघांच्याही एकदमच ध्यानात आला. या एका बाबतीत त्यांचं कधीच भांडण झालं नाही.

भांडण झालं ते देगलूरला. तिथं निवेदनाला बसलिंगप्पा नावाचे आडतव्यापारी उभे राहिले. देगलूरचा माणूस, तीन भाषा जिभेवर. त्यांनी मराठीत सांगितलं, की हे अद्भुत वाद्य रेणुकादास गुरुजींनी तयार केलं आहे. टाळ्या झाल्या. मग तेच तेलुगूत सांगितलं, पुन्हा टाळ्या. सरदारभाईंनी एका भाषेतला अपमान गिळला होता, दुसऱ्या भाषेतलाही कसाबसा गिळला. बसलिंगप्पा कन्नडकडं वळले तेव्हा मात्र त्यांनी स्टेजमागं जाऊन मेन स्विच खाली ओढला. टेपपेटीचा शेवटचा कार्यक्रम असा अंधारात संपला.

मग पेटी कुणाची, हे ठरवायला पंच म्हणून रविकांत वकील बसले. त्यांनी रेणापूरपासून कंधारपर्यंत कितीतरी भावांच्या वाटण्या केल्या होत्या. विहीर वाटली होती, बांधावरचा आंबा वाटला होता. पेटी म्हणजे त्यांच्या पुढं किस झाड की पत्ती! जुना रिवाज असा, की एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, म्हणजे कुणाची तक्रार राहत नाही. सरदारभाईंनी वाटे पाडले. एकीकडं खोका, पट्ट्या, मोटार आणि हेडं. दुसरीकडं चौकटीसकट सगळ्या फिती. गुरुजींनी फिती उचलल्या. ‘आत्मा मी घेतला, देह त्याला राहू दे,’ असं ते लातूरला सांगत. ‘इंजिन माझ्याकडं, त्याच्याकडं नुसता धूर,’ असं सरदारभाई इतवाऱ्यात सांगत. खोक्याविना फिती मुक्या आणि फितींविना खोका मुका, हे दोघांनाही कळत होतं. पण दुसरा आठवड्याभरात नाक घासत येणार, याची दोघांनाही खात्री होती. तो आठवडा लांबत लांबत चाळीस वर्षांवर गेला.

“जगात पहिल्यांदा ही वाद्यं निघाली तेव्हाही असंच झालं होतं,” मनस्विनी चहा फुंकत म्हणाली. “अमेरिकेत एकानं घरात खपून असं वाद्य बनवलं. त्याच्या विक्रेत्यानं दोन नग विलायतेला नेले आणि आपलंच म्हणून दाखवले. तिकडच्या लोकांनी त्यावरून नवं वाद्य काढलं, जगभर खपवलं. पुढं मूळ बनवणाऱ्याला कळलं आणि वाद झाला.”

सरदारभाईंनी मांडीवर थाप मारली. “बघ! बनवणारा मी, अन् घेऊन पळणारा तुझा आजा!”

“आजोबांनाही हीच गोष्ट सांगितली मी. ते म्हणाले, तो विक्रेता म्हणजे हुबेहूब सरदार.”

सरदारभाईंनी पेचकस पुन्हा उचलला. मग त्यांनी आपली अट सांगितली. पेटी दालनाला देतो, पण पाटीवर बनवणारा म्हणून पहिलं नाव शेख सरदार, नांदेड असं पाहिजे. तसं नसेल तर पेटी इथंच सडू दे.

हट्ट वाटेल, पण त्यांचं दुःख खरं होतं. पन्नास वर्षं त्यांनी नांदेडचे रेडिओ, टेप आणि लाउडस्पीकर बोलते केले. दुरुस्त केलेल्या वस्तूवर कंपनीचं नाव असतं, दुरुस्त करणाऱ्याचं नसतं. आख्ख्या जन्मात एकच वस्तू त्यांनी मुळापासून केली होती, आणि तिच्यावर दोन भाषांत दुसऱ्याचं नाव पडलं होतं. माणसाच्या हातून एखादी गोष्ट होते आणि तिला त्याचं नाव लागत नाही, याहून मोठा अन्याय सरदारभाईंना माहीत नव्हता. हे ते आसिफला सांगत, गौसियाबींना सांगत, दाढी करताना न्हाव्यालाही सांगत.

“पाटीवर काय लिहायचं ते आधी पेटी वाजताना ऐकून ठरवू,” मनस्विनी म्हणाली. “आजोबांचीही हीच अट आहे, त्यांच्या नावाची. मला काहीतरी पुरावा हवा.”

“पुरावा! माझे हात बघ, हे भाजल्याचे डाग बघ.”

“आजोबांनी तो फोटो दाखवला.”

असं अडलं होतं. शेवटी तिनं दोघांनाही सांगितलं, की समोरचा पेटी जोडायला कबूल झाला आहे, आता तुमच्यासाठी काम थांबलंय. खोटं होतं, पण चाळीस वर्षांच्या खऱ्यानं जे झालं नाही ते या खोट्यानं झालं.

गुरुजी भाड्याच्या जीपमधून नांदेडला आले. मांडीवर लुगड्यातलं गाठोडं, डोक्याला मफलर. दाराशी थांबून ते नातीला म्हणाले, “मनू, त्यांना विचार, चपला कुठं काढायच्या.”

“त्याला सांग,” आतून सरदारभाई म्हणाले, “पहिले जिथं काढून राहिला होता तिथंच.”

मागच्या खोलीत पेटीवरचा कपडा ओढला, तर वर लोणच्याच्या बरण्या. गुरुजींनी कपाळाला हात लावला. “चाळीस वर्षं देहावर लोणचं मुरवलं यांनी!” गौसियाबींनी लगबगीनं बरण्या उचलल्या. सरदारभाईंनी मग गाठोड्याची गाठ सोडली. भुरकन वाळका पाला बाहेर पडला. किडा लागू नये म्हणून विमलकाकू, म्हणजे गुरुजींच्या बायको, दरवर्षी फितींमध्ये ताजा कडुलिंब घालत होत्या.

“फिती हायत का ज्वारी?” सरदारभाई कडाडले.

“कीड तर लागली नाही ना? विचार त्यांना, मनू.”

पहिला दिवस असा नातीच्या मार्फत गेला. दुसऱ्या दिवशी अडचण आली. चौकट बसवताना एकानं वर धरून ठेवायची आणि दुसऱ्यानं खालून स्क्रू पिळायचे. मनस्विनीचे हात पुरेनात. “गुरुजी, जरा डावीकडं घ्या,” सरदारभाई पेटीखालून म्हणाले, आणि गुरुजींनी घेतली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुपारी दोघं एकाच ताटातली भजी खात गिऱ्हाइकांच्या अकलेवर बोलत होते. फिती मऊ फडक्यानं पुसणं, गंजलेल्या स्प्रिंगा बदलणं, मोटारीचा पट्टा नवा करणं यात आणखी दोन दिवस गेले. भांडण संपलं होतं असं नाही. पण भांडायला हात रिकामे लागतात.

पेटी सुरू झाली ती शुक्रवारी, सरदारभाई नमाज पढून आल्यावर. मोटार घरघरली. पहिली पट्टी दाबायचा मान कुणाचा, यावर पुन्हा ताणाताणी सुरू होणार, तेवढ्यात मनस्विनीनं स्वतःच दाबून टाकली. बासरी वाजली. वाजली खरी, पण सूर डुगडुगत होता.

“मोटार हलतेय तुझी,” गुरुजी म्हणाले.

“फिती ताणल्या तुमच्या. तो कडुलिंब!”

“असू दे, असू दे!” मनस्विनी आनंदानं ओरडली. “हेच तर हवंय! हा डुगडुगणारा सूर यावा म्हणून लोक आता कॉम्प्युटरवर मुद्दाम बिघाड घालतात.”

दोघे म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. तेव्हा हाच डुगडुग काढण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं, आणि तो राहिला म्हणून एकमेकांचा उद्धार केला होता. आपल्या चुकीला इतकी किंमत आली हे पाहून त्यांना आनंद होईना.

मनस्विनीनं माइक लावला. तिची पद्धत अशी, की प्रत्येक पट्टी दाबून धरायची, फीत संपेपर्यंत, आणि सगळा आवाज साठवून घ्यायचा. कार्यक्रमात असं कुणी कधी केलंच नव्हतं. गुरुजींची बोटं सूर संपायच्या कितीतरी आधी पुढं धावायची. आता एकेक सूर आपली आठ सेकंदं पुरी करून गप्प होऊ लागला. सरदारभाई डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांना मनापासून बरं वाटत होतं. पाटीचं काय व्हायचं ते होवो, वस्तू चांगली झाली होती.

सगळ्यात शेवटची, सगळ्यात चढ्या सुराची पट्टी तिनं दाबली. बासरी बारीक, ताणलेली वाजली. थरथरली. आणि फीत संपायच्या आधीच सूर तुटला. क्षणभर नुसती खरखर. मग धापा टाकणाऱ्या माणसाचा आवाज आला.

“सरदारभाई, बस का? दम लागून राहिला.”

फीत संपली आणि खटकन मागं गेली.

सरदारभाई ताडकन उठले. “ऐकलं? माझं नाव! अरे, पेटीत माझं नाव हाय! आसिफ, ये इकडं! गौसिया!”

पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सरदारभाई, बस का? गुरुजी हळूच स्टुलावर टेकले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांना हसूही येत होतं.

“म्हणजे चाळीस वर्षं माझ्याच माळ्यावर मी तुझं नाव सांभाळत बसलो,” ते म्हणाले. “त्यानं मला नाही विचारलं, तुला विचारलं. तुझ्या शब्दावर चाललं होतं काम. मनू, लिही बाई, पहिलं नाव त्याचंच लिही.”

सरदारभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. बसलिंगप्पांच्या दोन्ही घोषणा एका दमात पुसल्या गेल्या होत्या. आसिफ आला, त्याला ऐकवलं. गौसियाबी ओल्या हातानंच आल्या, त्यांना ऐकवलं. शेजारचा इस्त्रीवाला आला, त्यालाही ऐकवलं. दर वेळी सरदारभाई छातीवर हात ठेवून उभे.

मनस्विनीनं ते सगळं होऊ दिलं. मग पेन काढलं. “बनवणारे शेख सरदार. कल्पना रेणुकादास गुरुजींची. ठरलं ना? आणि वादक?”

“वादक?”

“हा बोलतोय तो. बासरी याचीच ना सगळी?”

“बासरीवाला,” दोघं एकदमच म्हणाले.

“हो, पण नाव?”

“तो आपला... कंधारचा,” गुरुजी म्हणाले. “चपला हातात घेऊन आत यायचा बघ. चोरीला जातील म्हणून.”

“हाव. चहात साखर लई लागायची त्याला,” सरदारभाई म्हणाले. “बिस्कीट खायचा न्हाई, खिशात टाकून घरी न्यायचा.”

“बजरंग असेल.”

“बजरंग ढोलकीवाला, गुरुजी. ह्यो उंच, सडपातळ.”

“उंच, सडपातळ. गळ्यात रुमाल.”

मनस्विनीचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. “नंतर कुठं वाजवायचे ते?”

गुरुजींनी सरदारभाईंकडं पाहिलं, आणि सरदारभाईंनी फितींकडं. “पेटी आल्यावर,” गुरुजी सावकाश म्हणाले, “त्याला बोलवायचं कारणच राहिलं नाही ना.”

सरदारभाईंनी गौसियाबींना विचारलं. चार दिवस तो या घरात जेवला होता, तिला नक्की ठाऊक असणार. गौसियाबी पदराला हात पुसत होत्या.

“मैं तब्बीच पूछी थी,” त्या म्हणाल्या. “क्या नाम है उस बेचारे का, बोलके. तुम बोले, बासरीवाला है, चाय भेजो.”

इस्त्रीवाला निघून गेला. आसिफ दुकानात परतला. सरदारभाई पेटीपुढं बसले आणि त्यांनी ती शेवटची पट्टी पुन्हा दाबली, या वेळी कुणाला ऐकवायला नाही. बासरी थरथरली, तुटली, आणि तो माणूस पुन्हा अदबीनं, त्यांचं नाव घेऊन विचारू लागला. सरदारभाईंना त्याला उत्तर द्यावंसं फार वाटलं, पण त्याला काय म्हणून हाक मारावी, ते त्यांना कळेना.